मंगलच्या नावाने कचरा

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. बरेचसे विसरलो. एका बाईच्या मेलमध्ये आलेल्या कचऱ्याची केस मात्र अजून डोक्यातून जात नाही.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून घरी आलो. शेवटची नेमणूक गिरणाकाठच्या एका ठाण्याला होती. खरी नावं देणार नाही. बाईचं नाव लता समजा.

लता तिशीची विधवा. नवरा ट्रॅक्टर उलटून गेलेला. सकाळची हजेरी आटोपली होती, तेव्हा ती ठाण्यात आली आणि म्हणाली, माझ्या मेलमध्ये रोज कोणीतरी कचरा टाकतंय. ठाणे अंमलदार चहा पीत होता. तो म्हणाला, "ताई, कचऱ्याची तक्रार नगरपालिकेत. इथं आम्ही फक्त माणसं उचलतो." सगळे हसले. ती हसली नाही आणि बाकावरून उठलीही नाही.

खोटी तक्रार घेऊन आलेलं माणूस हसण्यावर चिडतं. खरं माणूस बसून राहतं. म्हणून मी तिला माझ्या टेबलाशी बोलावलं.

लग्नाआधी तिने नर्सिंगचा कोर्स केला होता. जळगावच्या एका दवाखान्यात जागा निघाली, तिने अर्ज केला. बोलावणं मेलवर येणार होतं. पण अर्ज केल्यापासून तिच्या मेलमध्ये ढीग पडायला लागला. कर्ज घ्या, टक्कल घालवा, परदेशात फिरायला चला. एक पुसलं की दहा हजर. त्या ढिगात दवाखान्याचं बोलावणं दबलं. तिला सापडलं तेव्हा तारीख उलटून गेली होती. दवाखान्यात जाऊन रडली, तेव्हा तिथले म्हणाले, पुढच्या यादीत तुमचं नाव धरतो, पण आता मेल चुकला तर नाव कापू.

म्हणजे बोलावणं कधीही येणार आणि इकडे ढीग वाढतच होता. डाळीतले खडे वेचावेत तशी ती दिवसभर फोन घेऊन बसायची. त्याच्यावरून सासूची बोलणी खायची.

मला मेल कशाशी खातात ते माहीत नव्हतं. जळगावला सायबरकडे एक महिला शिपाई होती, माझ्या मुलीच्या वयाची. लताला घेऊन तिच्याकडे गेलो. ती म्हणाली, नाना, कोणीतरी हिचा पत्ता मुद्दाम शेकडो ठिकाणी भरलाय. कोणी भरला ते त्या कंपन्यांना विचारावं लागेल, आणि उत्तर कधी येईल ते देवाला ठाऊक.

त्याच आठवड्यात लताच्या गावच्या पोलीस पाटलाने कानावर घातलं की बाहेर शोधू नका, पोरीच्या नोकरीवरून त्या घरातच रोज कटकट आहे. खबर चांगली होती. पण खबरीवर माणूस धरता येत नाही.

दुसऱ्या खेपेला ती शिपाईबाई एकेक मेल उघडून मोठ्याने वाचत होती. प्रिय मंगल, प्रिय मंगल. वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "पण ही मंगल कोण?"

लताने खाली मान घातली. म्हणाली, "मीच. सासरचं नाव आहे ते."

शिपाईबाईचं लग्न झालेलं नव्हतं, तिला उलगडेना. मला लगेच कळलं. लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. लताला मंगल केलं ते तिथं. पण कागद कोणी बदलले नाहीत. आधार, बँक, कोर्स, दवाखान्याचा अर्ज, सगळीकडे लता. माहेरी लता. मंगल फक्त त्या चार भिंतींत. टक्कल घालवणाऱ्या कंपनीला ते नाव कोण सांगणार?

घरात कर्ता पुरुष म्हणजे तिचा दीर, त्याला ठाण्यात बोलावलं. केळीवाला, कष्टाळू, पांढरा शर्ट घालून आला. चहा दिला. मारायची गरज नसते. माणसाला बोलू द्यावं, तो आपली गाठ आपणच बांधतो. मी विचारलं, लता नावाच्या बाईला ओळखतोस का? विचार करून म्हणाला, नाही. मी म्हटलं, आणि मंगल?

"ती ते मन्ही भावजाई शे."

"तिला मंगल कोण कोण म्हणतं?"

"घरना आम्ही बठ्ठा म्हनतस."

"आणि बाहेरचं कोणी?"

"बाहेरना कोन म्हनी?"

मी छापलेले मेल त्याच्यापुढे ठेवले. प्रत्येकावर मंगलखाली पेनाने रेघ मारलेली. त्याने दोन-तीन कागद उलटून पाहिले. मग कपाळाला हात लावून म्हणाला, "ती जळगावले गयी ते मन्ही मायनं कोन करी, साहेब?"

सासू अंथरुणाला खिळलेली होती. तिचं हगणं-मुतणं लता काढायची. एवढंच कारण. त्याच्या फोनचा पंचनामा केला, सगळं त्यातच निघालं.

शिपाईबाईने लताच्या मेलमध्ये सोय करून दिली. मंगल नावाने येईल ते आपोआप कचऱ्यात. एका दिवसात ढीग बंद. काही दिवसांनी दवाखान्याचा मेल आला, प्रिय लता. ती गेली आणि रुजू झाली. दीर गयावया करून सुटला, कारण तक्रार तिनेच मागे घेतली.

इथं संपलं असतं तर बरं होतं. गावात नाव तिचंच खराब झालं. दिराला ठाण्यात नेणारी बाई. पुढे सासू वारली. लताला कोणी कळवलं नाही, दहाव्यानंतर बाहेरून कळलं. या वेळी मेल भरायचीही गरज पडली नाही. गप्प बसलं की काम झालं.

एवढी वर्षं चोर बाहेर शोधले. या केसने शिकवलं की बाहेरचा नुसता कचरा टाकतो. त्याच्याखाली काय दाबायचं ते घरच्यालाच ठाऊक असतं.

त्या वेळी माझी बायको होती. जेवताना तिला ही हकीकत सांगितली, तर म्हणाली, "माझं पहिलं नाव ध्यानात आहे का?" मी सांगितलं. भाकरी हातात धरून हसत बसली. म्हणाली, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं तुमच्या तोंडून.

पुढे ती आजारी पडली. तिच्या कागदांवर ते पहिलंच नाव राहिलेलं, दवाखान्यात तेच दिलं आणि मेल माझा दिला. ती गेली, मेल थांबले नाहीत. आपली तपासणी बाकी आहे, गुडघ्याच्या पट्ट्यावर सूट, साड्यांचा सेल. रोज येतात. प्रत्येकावर प्रिय आणि पुढे तिचं नाव. ते इथं लिहीत नाही.

मुलगा म्हणतो, आबा, कशाला ठेवता हा कचरा, एका मिनिटात बंद करून देतो. कसा बंद करतात ते मलाही येतं, सायबरच्या त्या पोरीने शिकवलंय.

त्याला सांगितलं, हात लावू नको. आता तिला त्या नावाने हाक मारणारं दुसरं कोणी उरलं नाही.