मोरीचं दार

मंडळी, दुपारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

प्रभादेवीच्या चाळीतली आमची खोली विकायला काढलीय. चावी एजंटकडेच असते. तीन महिने त्याचं एकच, "ताई, कोणी बघायलाच येत नाही. भाव उतरवा."

आज त्याने पहिलं गिऱ्हाईक म्हणून एका बाईंना आणलं. आमच्या मोरीचं दार जरा वर उचलून ढकललं तरच उघडतं, हे फक्त घरच्यांना माहीत. बाईंनी कोणी न सांगता ते तसंच उघडलं.

मी विचारलं, "आधी येऊन गेलात का?"

त्या बोलायच्या आत एजंट म्हणाला, "नाही हो, पहिल्यांदाच."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

मी आज भाव उतरवायला हो म्हणणार होते. आता सांगा, चावी मागून घेऊ, की आधी कुलूपच बदलू?