भेटीचं रडणं

समोर एखादी बाई रडत असेल, तर रडता रडता ती काय बोलतेय हे तुम्ही कधी विचारलंय? का रडतेय ते नव्हे. काय बोलतेय ते.

मला विचारायची गरज नव्हती. त्या खोलीत तिची बोली कळणारा, सरकारी यादीतला दुभाष्या मीच होतो. त्या दिवशी काय झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायची वेळ आली की मी दुसऱ्याच कुणावर तरी बोट रोखायचो — ते मला चांगलं जमतं.

माझं लहानपण फुलसावंगीजवळच्या एका तांड्यात गेलं. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाप प्रत्येक मोर्च्यातून घडी घालून आणायचा, आणि त्यांवरच मी अक्षरं जुळवायला शिकलो. त्यामुळे असेल, मला साधं वाक्य लिहिता येत नाही, मागणीच लिहिता येते. पुढे मी स्वतः पत्रकं काढू लागलो. गोर बोलीला, म्हणजे आमच्या बंजारा बोलीला, कोर्टात, दवाखान्यात, कचेरीत जागा हवी — हे मी इतक्यांदा लिहिलं की शेवटी परीक्षा देऊन स्वतःच दुभाष्या झालो.

यादीत नाव टिकवायचं तर दरवर्षी उजळणीचा वर्ग करावा लागतो. ठरलेले तास, मोबाईलवर व्हिडिओ, शेवटी प्रश्न. मला त्याचा राग यायचा. माझ्या आईची बोली मला कोण शिकवणार? मी तसं पत्रकही काढलं होतं. त्या वर्षी मी मोबाईल चार्जिंगला लावला, आवाज बंद केला, वर्ग चालू केला आणि मोर्च्याचे फलक रंगवायला बसलो. अधूनमधून रंगाच्या बोटानं पडद्याला टिचकी मारायची, म्हणजे मी बघतोय असं त्या यंत्राला वाटायचं. प्रश्नांची उत्तरं एका सोबत्याला फोन करून विचारली. प्रमाणपत्र आलं. मी हसलो होतो — हेही लिहून ठेवतो.

पण ही कबुली त्या प्रमाणपत्राची नाही. तेवढीच असती तर मी ती चहाच्या टपरीवर हसत हसत सांगितली असती.

सकरीबाई लग्न होऊन तेलंगणातून आलेली. मराठी तिला जेमतेम कळायची, बोलता यायची नाही. नवरा वारला. तिची मुलगी पायल तेव्हा प्राथमिक शाळेत होती. दिराचं म्हणणं, पोरगी आमच्या घरची, आमच्याकडेच राहील. सासऱ्याचाही त्याला पाठिंबा. निकाल लागेपर्यंत पोरगी त्यांच्याचकडे होती. प्रकरण कोर्टात गेलं, आणि कोर्टानं मायलेकींची भेट घडवून अहवाल द्यायला समुपदेशनाच्या मॅडमना सांगितलं. मॅडम भल्या होत्या. नव्या होत्या, पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या. आमची बोली त्यांना कळत नव्हती म्हणून मी.

पायलला आत आणलं. सकरीबाईनं तिला मिठीत घेतलं, ओढणीचा पदर दोघींवर ओढला आणि सूर लावला.

आमच्यात बायका खूप दिवसांनी भेटल्या की गळ्यात पडून रडतात. नुसतं रडणं नसतं ते. त्याला चाल असते, ओळी असतात, त्या तिथल्या तिथे जुळवलेल्या असतात. आणि त्याचा एक नियम आहे, जो त्या खोलीत सासरा, दीर, सकरीबाई आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक होता. सासऱ्यासमोर सून तोंड उघडत नाही, पण या रडण्यात तिला कुणी अडवत नाही. त्यात ती सासऱ्याचं नाव घेऊन बोलू शकते. माझी आई वर्षभर गप्प असायची आणि मावशी आली की सगळं वर्ष त्या रडण्यात सांगून टाकायची. मी दारात बसून ऐकलेलं आहे. मला माहीत होतं ना?

मॅडमनी विचारलं, "काय म्हणतेय ती?"

मी म्हणालो, "काही नाही मॅडम. भेटीचं रडणं आहे. आमच्याकडे पद्धत आहे तशी."

बराच काळ मी स्वतःला सांगत आलो की शब्द नीट ऐकू आले नव्हते. पदराआडून, हुंदक्यातून, कसे येणार? खोटं आहे ते. मी ऐकलं. आता लिहितो — तेव्हा सांगायचं होतं, ते आता.

मारी याडी ये, माझे आई — लेकीलाच लाडानं आई म्हणत ती गात होती — तुला उसाच्या फडावर नेतील, काकूचं लेकरू तुझ्या कडेवर देतील. तुझं दप्तर खुंटीला राहील. आता हे मला विचारतील आणि मी हो म्हणेन, कारण तुझा आजा समोर बसलाय. माझ्या तोंडातलं हो खरं मानू नको, बाई.

एवढं स्पष्ट. यात न कळण्यासारखं काय होतं?

मग मी का बोललो नाही? मला लाज वाटली. मॅडमच्या टेबलासमोर माझ्या तांड्यातली बाई सूर लावून रडत होती, आणि मला ते मागासलेलं वाटत होतं. मीच पत्रकात लिहिलं होतं — रडगाणी सोडा, हक्काची भाषा बोला. ती हक्काचीच भाषा बोलत होती. फक्त माझ्या पत्रकासारखी नव्हती. मला वाटलं, हे आवरू दे, मग ती नीट उत्तर देईल, ते मी ठणठणीत मराठीत सांगेन.

ती आवरली. डोळे पुसले. मॅडमनी विचारलं, मुलगी दिराकडे राहिली तर चालेल का? सकरीबाईनं सासऱ्याच्या जोड्यांकडे पाहिलं आणि मान हलवली. "हो," म्हणाली. मी शब्दाला शब्द सांगितलं — "हो." मॅडमनी खात्रीसाठी पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा तेच सांगितलं.

त्या 'हो'वर निकाल लागला आणि पायल काकाकडेच राहिली. दिवाळीनंतर त्यांची टोळी ऊसतोडीला गेली. पायल गेली. काकूचं लेकरू तिच्या कडेवर होतं. सगळं गाण्यातल्या क्रमानं झालं.

आणि मी काय केलं? मी पत्रक काढलं. 'यांना आमच्या बायांचं रडणं ऐकू येत नाही' असा मथळा होता. मॅडमचं नाव घेतलं नाही, पण कळणाऱ्यांना कळलं. लोकांनी पाठ थोपटली. मी थोपटू दिली.

पुढच्या वर्षी उजळणीचा वर्ग यवतमाळला, समोरासमोर झाला. शिकवायला कोलामी बोलीच्या एक दुभाष्या बाई होत्या. बोलीबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. म्हणाल्या, खोलीत जे जे तोंडातून निघेल ते सगळं सांगायचं. गाणं, शिवी, पुटपुटणं, सगळं. त्यातलं कामाचं काय, हे ठरवणारे आपण नाही. मागच्या वर्षीच्या व्हिडिओत हे पहिल्याच भागात होतं, असंही त्या सहज म्हणाल्या. मागच्या रांगेत कुणीतरी जांभई दिली. मी मान खाली घालून बसलो. तो भाग चालू होता तेव्हा माझ्या बोटांना लाल रंग होता.

पण खरं सांगू? त्या वर्गानं मला नियम सांगितला असता. ऐकलेलं गिळू नये, हे सांगायला वर्ग लागतो का?

नंतर ढाणकीच्या बाजारात सकरीबाई भेटली. एका दुकानासमोर मिरच्या निवडत होती. मला पाहून हसली. तिचं बोलणं इथं मराठीत देतोय. निदान हे तरी नीट देतो.

"काय पत्रकवाले भाऊ, आज कोनाचं डोकं खाऊन राह्यले?"

मी विचारलं, पायल कशी आहे. ती मिरचीचं देठ तोडत राहिली.

"फडावर हाय. शाळा तं गेली." मग म्हणाली, "म्या तं सारं सांगतलं होतं, भाऊ. तुमीबी सांगतलंच असन. मॅडमनं काहून आयकलं नसन?"

हाच तो क्षण. निवडलेल्या मिरच्यांचा ढीग होता, बाजूला एक म्हातारी झोपलेली होती, घाई कुणालाच नव्हती. मी म्हणू शकत होतो. मी म्हणालो, "मोठ्या लोकांचं असंच असतं, बाई."

तिनं मान डोलावली. माझं तिला पटलं. जाताना तिनं मूठभर मिरच्या माझ्या पिशवीत टाकल्या. आपल्या बाजूनं बोललेल्या माणसाला देतात तशा. मी त्या घरी नेल्या. खाल्ल्याही.

हे लिहून झालं की मी सगळ्यात आधी तिच्याकडे जाणार आहे आणि तिच्या बोलीत हे सगळं वाचून दाखवणार आहे. मग कोर्टात लेखी देणार, त्या मॅडमनाही. तिनं काय म्हणावं, हे मी ठरवणार नाही. तिच्या वतीनं ठरवून झालंय एकदा. पायल आता तिच्या खांद्याला लागते म्हणे. दप्तर कुणाला दिलं, माहीत नाही.

माझ्यासाठी काही मागत नाही. पण तुम्ही कधी कचेरीत, दवाखान्यात, कोर्टाच्या ओसरीत असाल, आणि आपल्याला न कळणाऱ्या बोलीत एखादी बाई रडत असेल, आणि माझ्यासारखा कुणी म्हणेल की काही नाही, पद्धत आहे — तर त्याला तिथंच थांबवा. तिच्याकडे बघत त्याला विचारा, ती काय म्हणाली. आणि तो सांगेपर्यंत जागचे हलू नका.