वजन नसलेला दोर

त्याला सगळे वरखाली म्हणत. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. दार उघडताना लिफ्ट जो आवाज करते, त्यावरून तिचं वय, आजार आणि मागच्या मेकॅनिकने केलेली हयगय हा माणूस बाहेर उभ्या उभ्या सांगायचा. कंपनीत नवीन आलेले इंजिनिअर आधी त्याला नमस्कार करत, मग साहेबांना.

पण हा स्वतः इंजिनिअर नव्हता. म्हणजे होता, पण एका विषयाने नव्हता. डिप्लोमाचे सगळे विषय सुटले आणि पहिल्या वर्षाचं भौतिकशास्त्र तेवढं घशात अडकलं. तीनदा बसला, तीनदा आपटला. मग लग्न झालं, संसार लागला, आणि तो विषय माळ्यावरच्या मोडक्या पंख्यासारखा राहून गेला. टाकवत नाही, वापरताही येत नाही.

विसरलाही असता बिचारा, पण सासूबाई विसरू देतील तर ना. सासूबाईंनी कॉलेजात चौतीस वर्षं भौतिकशास्त्रच शिकवलेलं. जावयाची ओळख करून देताना त्या म्हणत, "हे आमचे जावई. एक विषय राहिलेले इंजिनिअर." समोरचा हसायचा, वरखाली हसायचा, बायको पायाने टेबलाखालून त्याच्या पायाला टोचायची. असं चोवीस वर्षं चाललं होतं.

आणि मग, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, तोच राहिलेला विषय पुन्हा आडवा आला. कंपनीतले तपासनीस निवृत्त होणार होते. तपासनीस म्हणजे हातात वही, पायात स्वच्छ बूट. लिफ्ट तपासायची, सही करायची, खाली यायचं. लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरणं नाही, गच्चीवर शिडीने चढणं नाही. वरखालीच्या गुडघ्यांनी तर ही जागा दोन वर्षांपूर्वीच मागितली होती. पण अट होती: पूर्ण डिप्लोमा.

"नाहीतर माझ्या भाच्याला घ्यावं लागेल," साहेब म्हणाले. साहेबांना वाईट वाटत होतं, पण फार नाही.

हा भाचा कामावर लागला त्या आठवड्यात, आपण सहाव्या मजल्यावर आहोत की सातव्या हे बघायला त्याने चालत्या लिफ्टचं दार उघडलं होतं. लिफ्ट थांबली, भाचा आत, आणि त्याला बाहेर काढायला गेला कोण? वरखाली. आता हाच भाचा वही घेऊन खाली उभा राहणार आणि आपण गुडघे मोडत खड्ड्यात उतरणार, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि वरखालीने परीक्षेचा फॉर्म आणला. त्यावर ठसठशीत लिहिलेलं: जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची परीक्षा. यापुढे संधी नाही.

"शिकवणी लाव," बायको म्हणाली.

"या वयात कोण शिकवणार मला?"

बायकोने फोन उचलला आणि आईचा नंबर शोधू लागली.

"नाही हं," तो म्हणाला. "एकवेळ भाचा परवडला."

पण रविवारी सकाळी दहा वाजता तो सासूबाईंच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी जेवणाच्या टेबलापाशी नवी वही उघडून बसला होता. सासूबाईंनी कपाटातून लाल पेन काढलं. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी शाई ओली होती.

"दोराच्या एका टोकाला सहा किलो, दुसऱ्या टोकाला चार किलो. दोर कप्पीवरून गेलाय. दोराला वजन नाही, कप्पीला घर्षण नाही. त्वरण काढा."

वरखालीने पेन खाली ठेवलं. "दोराला वजन नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही."

"आई, मी पंचवीस-सव्वीस वर्षं दोर खांद्यावरून वाहिलेत. वजन नसलेला दोर कुठल्या दुकानात मिळतो?"

"माझ्या दुकानात. गणित सोडवा."

त्याने सोडवलं. सासूबाईंनी वही ओढून घेतली. "उत्तर दोन यायला हवं. तुम्ही दीड लिहिलंय. आणि पुढे 'अंदाजे'?"

"कप्पीत थोडं तरी घर्षण असणारच ना. अर्धा मी त्याचा धरला. तेलपाणी वेळेवर केलेलं असेल असं समजून."

आतून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आणि दीड काय? दीड काय, जावई? मीटर, किलो, की केळी?"

"ते समजतंच की."

"मला नाही समजत. मी म्हातारी बाई आहे. एकक लिहा."

ही झाली पहिली शिकवणी. दुसऱ्या रविवारी त्याने उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याला आधी पाचर लावा असं सुचवलं. तिसऱ्या रविवारी तोफेतून गोळा उडाला, तो कुठे पडेल हे काढण्याआधी याला तिथे कोण राहतं हे हवं. सासूबाईंनी शेवटी दोन्ही हात टेबलावर आपटले.

"ऐका. गणितातला माणूस खोटं बोलतो, हे मलाही कळतं. पण कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेल्यावर तुम्ही त्याच्या भिंतीला ओल आलीय का ते तपासता का?"

"तपासतो."

"हो, तुम्ही तपासाल. पण तोंडाने बोलत नाही ना? मग इथेही तेच. प्रश्न जे म्हणेल ते तीन तास खरं मानायचं. चित्र काढा, बळं दाखवा, समीकरण मांडा, एकक लिहा. तुमचं शहाणपण हॉलच्या बाहेर, चपलांजवळ."

आणि गंमत म्हणजे, जमू लागलं. लिफ्ट वर निघाली की माणूस जड का होतो, हे त्याला तळपायांनी ठाऊक होतं. ते आता वहीतही उतरू लागलं. सासूबाईंचं लाल पेन कमी चालू लागलं. त्यामुळे त्यांची जरा कुचंबणाच झाली.

मग आलं विद्युत-चुंबकत्व आणि गाडी पुन्हा अडली. चुंबकीय क्षेत्रात दोन रुळांवरून धातूची दांडी सरकते, व्होल्टेज किती, करंट किती आणि कोणत्या दिशेने? सासूबाईंनी अशी सहा गणितं दिली. सहाही गणितांत व्होल्टेज बरोबर, करंट बरोबर, आणि सहाही गणितांत दिशा नेमकी उलटी.

"नाणं उडवलं असतंत तरी तीन बरोबर आली असती," सासूबाई म्हणाल्या. "इतकं एकसारखं चुकायला काहीतरी पद्धत लागते. दाखवा बघू, कसं करता ते. अंगठा दांडी जाते तिकडे, पहिलं बोट क्षेत्राकडे, मधलं बोट दाखवेल तो करंट."

वरखालीने हात पुढे केला.

"हा डावा आहे."

"माहितीये."

"डावा मोटारीसाठी. इथे उजवा. पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. उजवा काढा."

वरखालीने नाइलाजाने उजवा हात टेबलावर आणला. अंगठा वर झाला, पहिलं बोट पुढे झालं, पण मधलं बोट काटकोनात वळायला तयारच नाही. पहिल्या बोटाला चिकटून पहारेकऱ्यासारखं ताठ उभं. चोवीस वर्षं जावई समोर बसून चहा पीत आला, पण तो कप कसा धरतो ते या बाईंनी कधी पाहिलंच नव्हतं.

"हे कधी झालं?"

वरखालीने हात टेबलाखाली घेतला. आत भांड्यांचा आवाज एकदम थांबला.

"मी काय विचारतेय?"

"झालं... जुनं आहे. लिफ्टच्या दारात सापडलं. त्याच आठवड्यात पहिली परीक्षा होती. बँडेज बांधून गेलो. मग बोटांच्या नियमाला डाव्या हाताची सवय लागली, ती लागलीच."

"कुठली लिफ्ट?"

"एक होती. आत माणूस अडकला होता."

"कोण माणूस?"

आता बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. चेहरा असा, की जणू सत्तेचाळिसातून थेट एकविसात गेलाय. "मी," ती म्हणाली. "तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये. चाळीस मिनिटं."

सासूबाईंना तो दिवस लख्ख आठवला. पोरगी संध्याकाळी उशिरा आली होती, गाल लाल होते, आणि विचारल्यावर म्हणाली होती, लायब्ररीत बसले होते. त्यानंतर ती लायब्ररीत फारच जाऊ लागली होती.

"दार उघडायला किती वेळ लागतो?" त्यांनी जावयाला विचारलं.

"दहा मिनिटं."

"बोट सोडवायला?"

"पाच. फार तर."

"म्हणजे पंधरा. चाळिसातून पंधरा गेले." लाल पेन टेबलावर टकटक वाजलं. "उरलेली पंचवीस मिनिटं तुम्ही दोघं काय करत होतात?"

"आई!" बायको ओरडली.

"बँडेज बांधत होती," वरखाली म्हणाला. "ओढणीचं."

"पंचवीस मिनिटं?"

"गाठ नीट बसत नव्हती."

सासूबाईंनी त्याचा उजवा हात पुढे ओढून ते बोट निरखलं. एक विषय राहिलेला इंजिनिअर, असं आपण कितीदा म्हणालो याची मोजदाद त्या मनात करत होत्या की काय कोण जाणे. तोंडाने मात्र एवढंच म्हणाल्या, "मग सोपं आहे. डावाच हात वापरा. मधलं बोट दाखवेल त्याच्या बरोबर उलट लिहा. नियम माझा नाही, चालतो मात्र." आणि उठून स्वतः चहा ठेवायला गेल्या. जावयासाठी त्या स्वतः उठल्या, ही त्या घरातली पहिलीच वेळ.

परीक्षेच्या दिवशी हॉलमध्ये वरखाली शिरला तेव्हा निम्मी पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं, सरच आले. पोरं बसली, पेपर वाटला गेला.

पहिल्याच गणितात लिफ्ट! पाचशे किलोची लिफ्ट सेकंदाला चार मीटर वेगाने खाली येतेय आणि दोन मीटरमध्ये थांबते. दोरातला ताण काढा. वरखालीचे हात शिवशिवले. असा ब्रेक ज्याने लावला त्याला आधी कामावरून काढा, माणसांचे गुडघे मोडतील आत! पण शहाणपण चपलांजवळ ठेवलेलं होतं. त्याने चित्र काढलं, बळं दाखवली, आणि लिहिलं: सात हजार न्यूटन. 'न्यूटन'खाली दोन रेघा मारल्या. केळी नव्हेत, न्यूटन.

मग दांडीचं गणित आलं. एक व्होल्ट, अर्धा अँपिअर, आणि दिशा. बाकीच्या पोरांनी पेनं खाली ठेवून उजवे हात उगारले आणि मनगटं पिळवटू लागली. सगळा हॉल पिस्तुलं रोखल्यासारखा दिसत होता. याचा लिहिता हात कागदावर, आणि डावा मोकळा. डाव्याचं मधलं बोट म्हणालं, करंट खाली. वरखालीने ऐटीत लिहिलं: वर.

"काका, समोरच्या मुलीकडे बोट कशाला दाखवताय?" पर्यवेक्षक बाईंनी विचारलं.

"मुलीकडे नाही हो बाई. चुंबकीय क्षेत्राकडे."

सगळं सुरळीत चाललं होतं आणि शेवटचा प्रश्न आला. लिफ्टमध्ये एक माणूस वजनकाट्यावर उभा आहे. लिफ्टचा दोर तुटतो. काटा किती दाखवेल?

हा प्रश्न ओळखीचा होता. सव्वीस वर्षांपूर्वी, बँडेज बांधलेल्या हाताने, याच प्रश्नाला त्याने दीड पान उत्तर लिहिलं होतं: दोर एक नसतो, सहा असतात, सगळे तुटले तरी वेग वाढताच खालची पकड रुळांना चावते, माणसाला काही होत नाही, वजनकाटा लिफ्टमध्ये आणलाच कशाला. दीड पानाला मिळाला होता भोपळा.

तो पेन हातात धरून बसला. पंचवीस-सव्वीस वर्षं त्याने दोरच तुटू नयेत म्हणून हाडं झिजवली होती, आणि आता स्वतःच्या हाताने तोडायचा? भाचा आठवला. गुडघे आठवले. सासूबाईंचा आवाज आठवला, तो तर सगळ्यात मोठा.

त्याने लिहिलं: शून्य न्यूटन. पेपर बंद केला. उघडला. बंद केला. घंटा व्हायला दोन मिनिटं असताना पुन्हा उघडला आणि अगदी खाली, बारीक अक्षरांत लिहिलं: "परीक्षकांनी घाबरू नये. दोर सहा असतात." तेव्हा कुठे त्याचा श्वास मोकळा झाला.

निकाल लागला. शंभरपैकी बावन्न. बायकोने आधी त्याला मिठी मारली आणि मग आईला फोन लावला.

"बावन्न?" पलीकडून आवाज आला. "आणि बाकीचे अठ्ठेचाळीस कुठे गेले?" मग जरा थांबून, "त्यांना दे फोन." फोन दिला तेव्हा त्या काही बोलल्याच नाहीत, नाक तेवढं ओढल्याचं ऐकू आलं. म्हाताऱ्या माणसाला सर्दी होतेच.

नवे बूट, नवी वही घेऊन वरखाली तपासनीस झाला, आणि साहेबांनी दिलेल्या यादीत पहिली इमारत निघाली सासूबाईंची. त्याने लिफ्ट खालीवर केली, ब्रेक तपासला, कान लावून ऐकलं, आणि मग बूट काढून, जुन्या सवयीने, खड्ड्यात उतरला. पकड गंजलेली होती. वर आला आणि दारावर लाल अक्षरांत पाटी लावली: नापास. वापरू नये.

सासूबाई तेवढ्यात भाजी घेऊन आल्या. पाटी वाचली. चार मजल्यांच्या जिन्याकडे पाहिलं. मग जावयाकडे.

"मुद्दाम केलंत?"

"पकड गंजलीय, आई. दोर तुटला तर..."

"दोर सहा असतात म्हणे."

"असतात. पण मी आता सही करतो."

सासूबाईंनी त्याच्या हातातली वही घेतली, चष्मा लावला आणि पानभर अहवाल वाचून काढला. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"लिफ्ट थांबायला लागलेला वेळ: तीन." त्यांनी मान वर केली. "तीन काय, जावई?"

वरखालीने निमूटपणे वही घेतली, 'सेकंद' लिहिलं, आणि त्यांच्या हातातली भाजीची पिशवी घेऊन जिना चढायला लागला.