पितृपक्षात आलेलं खोकं

आमच्या रुग्णालयात नवजात बाळांना ऊब देणारं एक नवंकोरं यंत्र आहे आणि ते उत्तम चालतं, असं सरकारी खरेदीच्या पोर्टलवर माझ्या नावानं नोंदवलेलं आहे. ती नोंद मी केलेली नाही. मी काहीच केलं नाही, आणि तिथं काहीच न करण्याला होकार समजतात. हे मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता, म्हणून मी हे चिडूनच लिहिते आहे.

मी शिंदखेड्याकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात सिस्टर आहे. बाळंतपणाचा वॉर्ड माझ्याकडे. भांडारपालाची जागा कित्येक वर्षं रिकामी, म्हणून भांडारही माझ्याच गळ्यात. माहेर फैजपूरकडचं, केळीवाल्यांचं. इथली अहिराणी मी नोकरीत शिकले, आता भांडायलाही तीच तोंडात येते.

जुनं यंत्र बंद पडलं तेव्हा आम्ही एका लाकडी खोक्याला दोन बल्ब लावून काम भागवत होतो. इथं कपाशीची वेचणी चालू असते तेव्हा थंडीही कडाक्याची असते, आणि बायका शेवटच्या महिन्यापर्यंत शेतात वाकलेल्या असतात. काही जणी दिवस भरायच्या आधीच बाळंत होतात. दीड किलोचं बाळ स्वतःचं अंग स्वतः गरम ठेवू शकत नाही. त्याला वरून ऊब द्यावी लागते. यंत्र करतं ते एवढंच, पण त्या पहिल्या तासांत त्याहून मोठं काही नसतं.

पूर्वी अशी वस्तू हवी असली की मागणीपत्र जायचं. मग धुळ्याहून कोणीतरी माणूस यायचा, चहा प्यायचा, यंत्र लावून चालवून दाखवायचा आणि मग सही घ्यायचा. त्यातही भानगडी होत्या, मी काही जुन्याचे गोडवे गात नाही. पण तो माणूस समोर असायचा, त्याला झापता यायचं.

आता पोर्टल. आमच्या साहेबांची, म्हणजे वैद्यकीय अधीक्षकांची, डिजिटल सही म्हणजे पेनड्राइव्हएवढी एक कांडी, ती कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये. माझा पासवर्ड त्याच्या स्क्रीनच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला. ओटीपी तेवढा माझ्या मोबाइलवर यायचा, तो मी वॉर्डातून ओरडून सांगायची. कोणी नाकं मुरडू नयेत, मी पाहिलेल्या प्रत्येक कार्यालयात हेच चालतं.

यंत्राचं खोकं आलं ते पितृपक्षाच्या दुसऱ्या दिवशी. ट्रकवाला ते व्हरांड्यात उतरवून निघून गेला. ऑपरेटर आला आणि म्हणाला, "सिस्टर, 'माल मिळाला' एवढं भरून टाकतो. साहेबांना जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये दाखवायचंय." मी ओटीपी सांगितला. मग त्यानं विचारलं, "खोलायचं का?"

"पितृपक्षात?" मी म्हटलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

आमच्याकडे या पंधरवड्यात नवं काही वापरायला काढत नाहीत. माझ्या माहेरी बागेत ठिबकच्या नव्या नळ्या आल्या तरी घटस्थापनेपर्यंत पडून राहायच्या. आणि हे तर जन्मलेल्या बाळांसाठीचं यंत्र. मृतांच्या पंधरवड्यात त्याची पट्टी कापायला माझा हात धजला नसता. हे फक्त माझंच खूळ म्हणाल, तर साहेब चांगले शिकलेले डॉक्टर, तेही म्हणाले, "घटस्थापनेला खोलू. फोटोही चांगला येईल." मी खोक्यावर धुतलेली चादर घातली आणि ते कोपऱ्यात सरकवलं.

पोर्टलला पितर माहीत नाहीत. 'माल मिळाला' असं एकदा भरलं की तिथं दिवस मोजायला सुरुवात होते. तेवढ्या दिवसांत माल चांगला की वाईट हे सांगायचं. नाही सांगितलं तर तुमच्या वतीनं पोर्टलच सांगून टाकतं, की चांगला आहे, स्वीकारला. मला मेसेज आले होते. इंग्रजीत, कर्ज घ्या आणि रिचार्ज करा यांच्या मधोमध. मी ते वाचले नाहीत. हा माझा गुन्हा आणि तो मी कबूल करते.

घटस्थापनेला नारळ फोडला, खोक्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, मी स्वतः कात्रीनं पट्टी कापली. आत वरची तापणारी कांडी दोन तुकडे होऊन पडली होती. बाळाच्या पोटाला लावायची वायर, जिच्यावरून यंत्राला बाळ किती गरम आहे ते कळतं, ती तर खोक्यात नव्हतीच. साहेब म्हणाले, "आधी फोटो काढून घेऊ." आणि काढला. त्या फोटोत मी पुढेच उभी आहे, हातात पूजेचं ताट.

पुरवठादार कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातला. फोनवर गोड बोलला. "मॅडम, आपने तो माल पास कर दिया है." मी म्हटलं, मैंने कुछ नहीं किया. तो म्हणाला, "नाम तो आपका ही है." नंतर त्यानं माझा फोन उचलणं बंद केलं.

पोर्टलवर माल परत करायचं बटण होतं, पण ते करड्या रंगाचं, दाबलं तरी दाबलं न जाणारं. तक्रार केली, तिला एक लांबलचक नंबर मिळाला. काही दिवसांनी 'तक्रारीचं निराकरण झालं' असा मेसेज आला. कोणी केलं, कधी, कुठं, काही नाही. मग नवीन यंत्राची मागणी टाकली. उत्तर आलं, की आपल्याकडे चालू स्थितीतलं यंत्र उपलब्ध आहे. ते भंगारात काढायचं म्हटलं तर त्याचं आयुष्य अजून सुरूच झालेलं नव्हतं. धुळ्याचा एक मेकॅनिक कांडी बसवून वायर आणून द्यायला तयार होता. साहेब म्हणाले, बाहेरच्या माणसाचा हात लागला तर वॉरंटी जाईल. मी विचारलं, कसली वॉरंटी? ते म्हणाले, "सिस्टर, आवाज खाली." खाली कशाला घेऊ? मी वर्षानुवर्षं आवाज खालीच घेतला होता.

सगळ्यांत मोठा संताप पुढचा. पोर्टलवर नवं यंत्र आहे म्हटल्यावर तपासणीला येणाऱ्यांना ते बल्बचं लाकडी खोकं दिसायला नको, म्हणून साहेबांनी ते भंगारात टाकायला लावलं. मी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं.

पौषात एका सकाळी एक म्हातारी आपल्या सुनेला रिक्षातून घेऊन आली. सुनेला कापूस वेचतानाच कळा सुरू झाल्या होत्या, जेमतेम साडेसात महिने भरलेले. अर्ध्या तासात मुलगी झाली. दीड किलोलाही कमी. रडली, पण मांजराच्या पिलाएवढं. सुनेचं रक्त थांबेना, डॉक्टर तिच्याकडे. मी बाळ पुसलं, कापसात गुंडाळलं आणि म्हातारीला म्हटलं, "माय, चोळी काढ. हिला छातीशी धर." तिनं एक शब्द न विचारता धरलं. वरून आम्ही होती नव्हती ती सगळी ब्लँकेटं घातली. चार हातांवर ते यंत्र उभं होतं, अगदी स्वच्छ, पायाला चाकं असलेलं.

ॲम्ब्युलन्स अपघाताचा पेशंट घेऊन धुळ्याला गेलेली. ती परत यायला तासाच्या वर गेला. म्हातारी बाळाला तसंच छातीशी धरून गाडीत बसली, मीही बरोबर गेले. सगळ्या रस्त्याभर माझा हात त्या मुलीच्या पावलांवर होता. सुरुवातीला ती कोमट होती. धुळ्याच्या अलीकडे माझ्या तळहाताला ऊब लागेना. तिथं पोचलो तेव्हा जीव होता, दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. तिथली डॉक्टर एवढंच म्हणाली, "आलं तेव्हाच गार होतं हो."

कागदावर कारण लिहिलं गेलं: अकाली जन्म, कमी वजन. मी साहेबांना म्हटलं, आपल्या अहवालात यंत्र बंद होतं असंही लिहा. साहेबांनी चष्मा काढला. "पोर्टलवर चालू आहे आणि मी बंद लिहू? मग तुम्ही खोटी नोंद केली असं होईल, सिस्टर. नोकरी किती उरलीय तुमची?" मला त्यांचं टेबल उलथवून टाकावंसं वाटलं. मी दार आपटून बाहेर आले, तेवढंच जमलं.

काही दिवसांनी म्हातारी सुनेच्या गोळ्या न्यायला आली. मी तिला हाताला धरून आत नेलं, यंत्रावरची चादर काढली आणि सगळं सांगितलं. तुटलेली कांडी दाखवली. खोकं कधी आलं, मी का खोललं नाही, आणि माझ्या गप्प राहण्यानं ते पास कसं झालं, तेही सांगितलं. तिनं मला शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघत होते.

तिनं यंत्राच्या गादीवर हात फिरवला. "पितरमा ऊनं व्हतं का हाई?"

"हो."

"मंग कोन खोलस, अक्का? मी बी नही खोलती."

ती असं म्हणाली आणि माझा पारा चढला, तिच्यावर नाही, तिच्या त्या समजूतदारपणावर. मी टेबलावरचा कोरा कागद ओढला. म्हटलं, माय, तक्रार कर. मी लिहिते, तू अंगठा दे, साक्षीला मी येते, नोकरी गेली तर जाऊ दे.

"कोनावर करू?"

साहेब म्हणतील पोर्टल. पुरवठादार म्हणेल सिस्टर. पोर्टल काही म्हणणारच नाही. "माझ्यावर कर," मी म्हटलं. "नाव माझंच आहे तिथं."

"तुन्हावर?" ती म्हणाली. "गाडीमा सगळासमा तूच एकटी रडी ऱ्हायनी व्हती."

मी पुढे केलेला कागद तिनं नीट घडी करून माझ्या हातात परत दिला, गोळ्या पदरात बांधल्या आणि बस चुकेल म्हणून घाईनं निघाली.