थोडं और पास

दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नोएडात राहायला आलो, तेव्हा आमच्या सेक्टरमध्ये घरांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त होते. बस तासाभराने यायची. म्हणून ह्यांनी ऑफिसातून कर्ज काढून एक छोटी पांढरी गाडी घेतली आणि त्या मोकळ्या रस्त्यांवर मी चाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकले.

'पास' हा शब्द आमच्या घरात सारखा चालायचा. ह्यांच्या मंत्रालयात फाइल पास व्हायची, माझ्या पर्समध्ये बसचा पास असायचा, आणि दिल्लीत वाढलेली आमची लेक तर सरळ म्हणायची, "आई, माझ्या पास पेन नाहीये."

पक्क्या लायसन्सच्या परीक्षेला आम्ही तिघंही गेलो. हे पेढ्यांचा डबा घेऊनच आले होते. मी म्हटलं, "अहो, आधी होऊ तर द्या!" पण माझा स्वतःवर नव्हता एवढा ह्यांचा माझ्यावर भरवसा.

इन्स्पेक्टर फुटपाथवर उभे होते. मी गाडी आठच्या आकड्यात फिरवली, रिव्हर्स घेतली आणि त्यांच्यासमोर आणून थांबवली. त्यांनी हात हलवला. "पास, मॅडम, पास!"

मी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि दोन्ही हात जोडले. लेक ओरडत पळाली, "बाबा, आई पास झाली!" ह्यांनी डबा उघडला आणि रांगेतल्या सगळ्यांना पेढे वाटायला सुरुवात केली.

इन्स्पेक्टर माझ्याकडे बघतच राहिले. "मॅडम, उतर क्यों गईं? मैंने कहा, गाड़ी फुटपाथ के पास लगाइए."

गाडी फुटपाथपासून चांगली चार हात लांब होती. माझे कान तापले. मागे वळून पाहिलं, तर अर्ध्या रांगेच्या तोंडात पेढा. एक सरदारजी घास गिळून म्हणाले, "साहब, मिठाई तो हम खा चुके!" आधी ते हसले, मग रांग हसली, मग इन्स्पेक्टरही. सकाळपासून छातीत बसलेली धडधड त्या हसण्यात कुठे गेली, कळलंच नाही.

मी पुन्हा गाडीत बसले. आता सगळी रांगच मला शिकवत होती. "थोड़ा और पास, बहनजी! और पास! बस, बस!" चाक फुटपाथच्या कडेला अगदी लागून थांबलं.

इन्स्पेक्टरनी वाकून पाहिलं, कागदावर सही केली आणि म्हणाले, "यह हुआ अंग्रेज़ी वाला पास." मग स्वतःच हात पुढे करून त्यांनी पेढा मागितला. डब्यात एकच उरला होता.

पुढच्या रविवारी दोघांना घेऊन मी दिल्लीला निघाले. कोपर्निकस मार्गावरच्या मराठी कँटीनमध्ये जाऊन साबुदाणा वडे खायचे ठरले होते. हे शेजारी बसून दाराची मूठ घट्ट धरून होते, तोंडाने मात्र "छान, छान" चाललं होतं. यमुनेचा पूल आला. पुढे रस्ता मोकळा होता. मी आयुष्यात पहिल्यांदा चौथा गिअर टाकला.