सीतादह्याचा घास

दहीभाताचा आंबट वास आला की मला मुकुटबनजवळचं ते कापसाचं वावर आठवतं. पहिल्या वेचणीच्या दिवशी तिथं सीतादही करायची रीत होती. दगड मांडून पूजा झाली की दहीभात वावरभर शिंपडायचा आणि उरलेला वेचणाऱ्या बायांनी खायचा. मी आईबरोबर तिथं वेचायला जायचे. एका वर्षी आई येशूच्या प्रार्थनेला जाऊ लागली होती, म्हणून तिनं तो घास घेतला नाही. दुसऱ्या वेचणीला बोंडं अळीनं पोखरलेली निघाली आणि भर दुपारी वावराचा मालक कापसाची पऱ्हाटी मुळासकट उपटून आईवर धावला. "तुह्या येशूनंच माह्या वावरात अळी घातली!" पहिला फटका पाठीवर बसला, दुसरा कानावर. तिच्या ओटीतल्या कापसावर रक्त ठिबकू लागलं. बाकीच्या बाया खाली मान घालून वेचत राहिल्या. मी दगड उचलला. "टाक तो खाली," आई ओरडली आणि तिथंच दोन ओळींमधल्या तासात गुडघे टेकून मोठ्यानं म्हणू लागली, "देवबापा, मले मारून राह्यला त्याले माफ कर, अन् त्याच्या बोंडातली अळी काढ." ते ऐकून तो जास्तच पिसाळला, हातातली पऱ्हाटी मोडली तेव्हाच थांबला. त्या कानानं आईला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. आता ती नाही. दर रविवारी मी तिचीच प्रार्थना म्हणते. पण 'माफ कर' म्हणायची वेळ आली की त्या दिवशी खाली टाकलेला दगड माझ्या मुठीत परत आलेला असतो.