चव्वेचाळीसची पट्टी

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वसीलाच्या मशीनखालून तिसावा स्कर्ट बाहेर पडला. कसर हेलाल गावातल्या या कारखान्यात ती एकोणीस वर्षे कपड्यांना मापाचा आकडा छापलेल्या पट्ट्या शिवते आहे. आजचे सगळे स्कर्ट एकाच मापाने बेतलेले. डावीकडच्या ढिगाला अडतीसची पट्टी, उजवीकडच्याला छत्तीसची. ज्या दुकानदाराला जो आकडा हवा, तो.

"माझ्याही कमरेला छत्तीस लाव गं, नवरा खूश होईल," शेजारच्या मशीनवरची मुनिया म्हणाली.

"त्याला आकडे वाचता येतात का?"

सगळी ओळ हसली. तेवढ्यात वसीलाने रिळातून चव्वेचाळीसची एक पट्टी कापली आणि खिशात टाकली.

ती थोरल्या बहिणीसाठी होती. सलूहा याच कारखान्यात बारा वर्षे तपासणीच्या टेबलावर होती. गेल्या हिवाळ्यात तिला पोटाचा आजार निघाला. तेव्हा तिला चव्वेचाळीस लागायचा. कपडे ढगळ होऊ लागले तशी वसीला कारखान्यातला नाकारलेला माल नेऊ लागली. आधी बेचाळीस, मग चाळीस, मग अडतीस. प्रत्येक वेळी मूळची पट्टी उसवून ती चव्वेचाळीसची शिवायची. सलूहा कपडा घालून आरशात बघायची आणि म्हणायची, "अजून चव्वेचाळीसच. म्हणजे औषध लागू पडतंय."

त्या वाक्यावर वसीलाचा आठवडा जायचा.

ईद दोन दिवसांवर होती आणि ईदला अंगावर नवे हवेच. संध्याकाळी तिने निळा झगा सलूहापुढे धरला. सलूहाने झग्याचा गळा आतून उलटला आणि पट्टीवरून अंगठा फिरवला.

"कारखान्यात पट्टी शिवणीच्या आत धरतात. ही वरून हातानं लावलीय. चार टाके, शेवटचा तिरका. लहानपणापासून तुझा शेवटचा टाका तिरकाच."

"लल्ला…" थोरल्या बहिणीला ती अशीच हाक मारायची.

"पहिल्या झग्यापासून बघतेय मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतकी खूश व्हायचीस. त्या दिवशी चहात साखरही जास्त पडायची." सलूहाने झगा मांडीवर ठेवला. "आता खरा आकडा सांग."

वसीलाने उसवलेल्या मूळ पट्टीचा आकडा आठवून पाहिला. हाच झगा एका देशात चौतीस म्हणून विकला जातो, दुसऱ्यात अडतीस म्हणून. त्यातला खरा कोणता, हे एकोणीस वर्षांत तिला कोणी विचारले नव्हते.

"उसव ती पट्टी," सलूहा म्हणाली. "आणि मापाची फीत आण."

कंबर एकसष्ट सेंटीमीटर भरली. मागच्या ईदला ती शहाऐंशी होती. सलूहाने आकडा स्वतः वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि फीत गुंडाळून बहिणीच्या हातात दिली.

"ईदला हाच घालीन. पट्टीशिवाय."

उद्या सकाळी सातला वसीलाच्या मशीनवर साडेचारशे स्कर्ट आहेत. चाळीसच्या मापाने बेतलेले, पट्टी अडतीसची.